बोडीत पडणारी म्हैस

मार्च सरत आला की गोंदियाहून मुर्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका वळणाला मोहाचा वास येतो. झाड एकच आहे, कुणाच्या तरी शेताच्या धुऱ्यावर उभं. पण तेवढं पुरतं. त्या गोड, जड, किंचित आंबूस वासाने लोकांना म्हणे गाव आठवतं, आई आठवते, लहानपणच्या पहाटा आठवतात. मला मुंग्या आठवतात. कीबोर्डमध्ये शिरलेल्या मुंग्या. आणि गाडी चालवता चालवताच माझं डोकं तापायला लागतं.

इतक्या वर्षांनीही तापतं, याचं मलाच नवल वाटतं. कारण तो उन्हाळा तसा काही वाईट गेला नव्हता. फक्त त्यात एकही गोष्ट, अगदी एकही, मी ठरवली तशी झाली नाही.

तेव्हा मी मुलांसाठी कॉम्प्युटरवरचा खेळ बनवत होते. नागपुरात कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेलं, तिथेच थोडी नोकरी केलेली, मग लग्न होऊन गोंदियात कुडव्याला आलेली. घरी बसून काय करायचं, या प्रश्नाने मी पार कावले होते. अशात पुण्याच्या एका संस्थेचं काम मिळालं. खेड्यातल्या शाळांसाठी पडद्यावर एक गाव उभं करायचं. त्या गावात मुलांनी हिंडावं, खेळावं आणि खेळता खेळता गणित शिकावं. संस्थेच्या मृणालताई फोनवर म्हणाल्या, "तुम्ही तिकडच्याच आहात, तर ते गाव अगदी तिकडचं वाटू द्या."

मी खूश झाले. भाताच्या बांध्या काढल्या, कौलारू घरं काढली, आणि आमच्याकडे गावोगाव असते तशी एक बोडी काढली. बोडी म्हणजे छोटा तलाव. कडेला बेशरमाची झुडपं, पाण्यात कमळाची पानं. चित्रं पुण्याला पाठवली. उत्तर आलं, "छान आहे, पण खेडं वाटत नाही. विहीर घाला ना, रहाटाची. आणि शेतकऱ्याला फेटा."

"ताई, इकडे फेटा कुणी घालत नाही."

"हो, पण मुलांना कळायला हवं ना की तो शेतकरी आहे."

ज्यांचे बाप, आया, काका सगळेच शेतात राबतात, त्या मुलांना शेतकरी ओळखायला फेटा लागणार होता. मी फेटा काढला. लाल. भांडून भांडून किती भांडणार? खेळातला आवाजही पुण्यातच रेकॉर्ड झाला होता. एक गोड, सावकाश बाई विचारायची, "सांगा पाहू, किती उरले?" पुढे शाळेत मुलं दिवसभर एकमेकांना तिच्याच आवाजात विचारत, "सांगा पाहू, मुतायले किती गेले?"

एक गोष्ट मात्र मी कुणाला विचारली नाही. बोडीवर लाकडी फळ्यांचा एक पूल केला आणि त्यावरून एक म्हैस चालवली. प्रत्येक फळीवर एक वजाबाकी, तीन उत्तरं. बरोबर उत्तर दाबलं की म्हैस एक फळी पुढे. चुकलं की फळी निसटते आणि म्हैस धब्बकन पाण्यात. मग ती वर येते. डोक्यावर कमळाचं पान, शिंगाला शेवाळ, आणि चेहऱ्यावर असा भाव की हा अपमान मी विसरणार नाही. तो चेहरा मी किती वेळा पुसून पुन्हा काढला असेल! धब्बचा आवाज आमच्या टाक्यात ओलं पोतं टाकून घेतला. पोतं टाकायला नवरा होता. मागे विचार असा की चूक झाली तर मूल घाबरू नये. चूक झाली तर त्याला हसू यावं. मृणालताईंना हे फार आवडलं. एका सभेत त्यांनी त्यावर भाषणही केलं.

आता माझी मुलगी पहिलीत आहे. तिच्या टॅबवर काहीही दाबलं तरी चांदण्या फुटतात आणि एक अस्वल टाळ्या वाजवतं. बरोबर दाबलं तरी शाब्बास, उशीर केला तरी शाब्बास, परवा टॅब नुसता हातातून पडला तरी शाब्बास. ती मख्ख चेहऱ्याने पाहत असते. तिने चूक केली की ते अस्वल "पुन्हा प्रयत्न करू या!" असं इतक्या लाडाने म्हणतं की मला ते अस्वल उचलून बाहेर ठेवावंसं वाटतं. पण लोकांना आता तेच चालतं. असो.

खेळ करून पाहायला जी शाळा मिळाली ती अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इकडच्या प्रतापगडाच्या अलीकडे जंगलाला लागून असलेल्या एका गावातली. दोन खोल्या, दोन गुरुजी. त्यातले एक नेहमी कुठल्या तरी कामावर गेलेले; दुसरे रामटेके सर. उंच, काटक, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. त्यांना शिकवण्याचा मनापासून कळवळा होता आणि कळवळ्याच्या माणसाला असतो तसा राग नाकावर होता. मी अर्जुनीला आत्याकडे मुक्काम टाकला. सकाळी सर मोटारसायकलवरून येताना मला घेत आणि वाटभर सांगत राहत की हे सगळं कसं जमणार नाही.

त्यांचं चूक नव्हतं. दान मिळालेले चार जुने कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, आणि वीज अशी की येईल तेव्हा आली म्हणायची. उन्हाळ्याची सकाळची शाळा. त्यात मोहाचा हंगाम. अंधार असतानाच अख्खं गाव टोपल्या घेऊन झाडांखाली गेलेलं असे. रात्रभर टपटपलेली फुलं ऊन चढायच्या आत वेचायची, अंगणात वाळत टाकायची, मग मुलांनी शाळेत यायचं. मुलं येत ती अर्धवट झोपेत आणि चिकट हातांनी. मोहाचा रस साखरेच्या पाकासारखा. माऊस हाताला चिकटून वर उचलला जाई. बटणं दाबली की खालीच राहत. आणि मग मुंग्या. मी रोज कीबोर्ड उलटा करून झटकायची, ओल्या कापडाने पुसायची, दारात बादली ठेवून प्रत्येकाचे हात धुवून घ्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा मुंग्या. पडद्यावर मी इतक्या कष्टाने एक स्वच्छ गाव उभं केलं होतं आणि खरं गाव त्याच्या बटणांत शिरून बसलं होतं.

तरी पहिल्या दिवशी मुलांनी खेळ पाहिला तेव्हा मी मुंग्या विसरले. एका मुलाचं उत्तर चुकलं. म्हैस पडली, वर आली, पान डोक्यावर. खोलीत असा हशा उठला की शेजारच्या घरची बाई डोकावून गेली. मला वाटलं, जिंकलं.

त्यानंतर मुलांनी बरोबर उत्तर देणं बंद केलं.

हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. सरांच्या आधी आलं. एक दिवस ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "मॅडम, तुमची म्हैस काढा जी तिथून."

"काय झालं?"

"वर्गात बावन्नमधून सत्तावीस बरोबर सांगणारा पोट्टा तुमच्या डब्ब्यावर पस्तीस दाबून राहिला. काऊन? तर म्हैस पाडाची आहे! वर्षभर घासून घासून शिकवलं मी यांना. तुम्ही चुकायचं बक्षीस ठेवलं."

मी मुलांच्या मागे जाऊन उभी राहिले. खरंच होतं. पडली रे पडली, असा गजर. मग दुसऱ्याची पाळी. पूल ओलांडून पलीकडे मी एक अख्खा बाजार काढला होता. मडकी, बांगड्या, जिलेबीचं दुकान, वर फिरणारा पाळणा. तो बाजार एकाही मुलाने पाहिला नाही. म्हैस पुलाच्या पहिल्या फळीपलीकडे कधी गेलीच नाही.

मी मृणालताईंना फोन केला. मी पाठवलेले निकाल त्यांनाही तिकडे दिसत होते. "अहो, यातून निष्कर्ष काय काढायचा? खेळ आल्यापासून मुलं मागे गेली?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "महिनाअखेर शिक्षण खात्याचे साहेब पाहायला येणार आहेत. काहीतरी करा."

सर माझ्यावर चिडलेले, ताई माझ्यावर चिडलेल्या, मी म्हशीवर. म्हैस तेवढी मजेत.

याच गोंधळात मी टिकेश्वरीच्या शेजारी बसले. चौथीतली मुलगी, तेलाने चप्प बसवलेल्या दोन वेण्या, बोलणं जवळपास नाहीच. सरांनी तिला गणिताच्या तासाला दुसरीच्या रांगेत बसवलं होतं. "तिच्या डोक्यात आकडा शिरत नाही जी. विचारलं तर खाली पाहते. मी तरी काय करू?" असं ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. दुसरीच्या लहान मुलांत ती गुडघे पोटाशी घेऊन बसे, त्यांच्यापेक्षा फार उंच दिसू नये म्हणून असेल.

पडद्यावर एक्केचाळीसमधून अठरा आले. तिचे ओठ हलले. मांडीवर बोटं हलली. बाण तेवीसपाशी गेला, थांबला, आणि तिथून निघून तेहतीसवर गेला. धब्ब. ती हसली, तिचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. पुढची वजाबाकी. पुन्हा ओठ, बोटं, बाण बरोबर उत्तरापाशी, आणि तिथून बाजूला. मी कितीतरी वेळ पाहत राहिले. तीन उत्तरांतलं डोळे मिटून दाबलं तरी कधी ना कधी बरोबर लागतंच. हिचं एकदाही लागत नव्हतं.

मी हळूच विचारलं, "ते दुसरं काऊन नाही दाबलं?"

"ते दाबलं तर म्हस पलीकडे जाते जी."

"म्हणजे ते बरोबर आहे, हे तुला ठाऊक आहे?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की हा काय प्रश्न.

"मग सरांना का सांगत नाहीस, येते म्हणून?"

ती बटणाशी चाळा करू लागली. मग म्हणाली, "तिथं चुकलं तर सगळे माह्याकडे बगतेत. इथं म्हसीकडे बगतेत."

मी धावतच सरांकडे गेले. आनंदाने सांगितलं. सर ऐकून लाल झाले. "येते अन् सांगत नाही? हे तर अजून वाईट झालं!" आणि मी थांबवायच्या आत त्यांनी तिला फळ्यापाशी बोलावलं. सगळा वर्ग तिच्याकडे वळला. तिने खडू घेतला. वजाबाकी सोपी होती, तिने माझ्यादेखत याहून अवघड किती तरी केल्या होत्या. खडू फळ्याला टेकला आणि तिथेच राहिला. कुणीतरी खुसखुसलं. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहा. म्हटलं होतं ना."

त्या क्षणी मला त्या माणसाचा इतका राग आला की परतताना मी त्यांच्या गाडीवर बसले नाही. उन्हातून चालत मुख्य रस्त्यापर्यंत आले आणि जीप मिळेपर्यंत पळसाखाली उभी राहिले. ते गाडी हळू करून दोनदा म्हणाले, बसा जी. मी नाही बसले.

दुसऱ्या दिवसापासून टिकेश्वरी आली नाही. सर म्हणाले, मोहाला गेली असेल. तसंच असावं, असं मलाही मानायचं होतं.

इकडे पुण्याहून हुकूम आला: म्हैस चुकल्यावर पडणार नाही. बरोबर आल्यावर पाण्यात उडी मारेल आणि आनंदाने पोहेल. चुकल्यास नुसतं "पुन्हा पाहू या" असं दिसेल. मी तसं केलं. मुलांची उत्तरं धडाधड बरोबर यायला लागली. ताई खूश. सर खूश. दोन-तीन सकाळींतच मुलं कॉम्प्युटर सोडून बाहेर विटीदांडू खेळायला लागली. मी एकाला धरून विचारलं, काऊन रे? तो म्हणाला, "पयले ते पडत होती. आता उडी मारते."

"मग? पाण्यात तर जातेच ना?"

"उडी तर आमच्या घरची बी मारते."

मी कीबोर्ड झटकला.

एका सकाळी, पुन्हा सरांच्याच गाडीवरून जाताना, शाळेच्या वाटेवर टिकेश्वरी दिसली. आईबरोबर मोहाखाली होती. जमीन झाडून लख्ख केलेली, वर पिवळसर फुलांचा सडा. सरांनी न सांगता गाडी थांबवली आणि स्वतः मुद्दाम दुसरीकडे पाहत उभे राहिले. आई म्हणाली, "मोह सरू द्या जी मॅडम, मंग पाठवतो तिले." टिकेश्वरी टोपलीवर वाकलेली. मी जवळ गेले तशी खाली पाहतच तिने विचारलं, "म्हस हाय का जी?"

"आहे. पण आता पडत नाही. बरोबर आलं की उडी मारते."

तिने एक फूल उचललं, झटकलं, टोपलीत टाकलं. "मंग कायले येऊ?"

हा प्रश्न घेऊन मी दुपारी आत्याच्या ओसरीवर बसले. ऊन असं की भिंती उष्ण वाफ सोडत होत्या. आत्या दर थोड्या वेळाने येऊन विचारायची, "अजून त्या म्हशीचंच चालू हाय का?" चालू होतं. कारण मला नीट दिसत होतं की मुलांना चुकायचं नव्हतंच. त्यांना पाडायचं होतं. मग पाडू दे. फक्त म्हैस दुसऱ्या कुणाची तरी पाहिजे. मी खेळ उलटा केला. आता वजाबाकी मुलाने घालायची. बरोबर उत्तर त्यानेच द्यायचं आणि सोबत दोन खोटी उत्तरंही. ते दुसऱ्याने सोडवायचं; तो फसला तर त्याची म्हैस बोडीत. पुण्याला मी काही कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यांनी त्यालाही फेटा घालायला लावला असता.

मुलांनी आधी खोटी उत्तरं घातली ती पाच आणि एक हजार. कुणीच फसेना. चिडचिड झाली. मग एका मुलीला उमगलं की खोटं उत्तर खऱ्यासारखं दिसलं पाहिजे, आणि त्यासाठी माणूस कुठे घसरतो ते ठाऊक पाहिजे. त्यावरून भांडणं सुरू झाली. पाट्या निघाल्या. मधल्या सुट्टीतही आकडे चालले. ही खबर मोहाखाली पोचायला वेळ लागला नाही. दोन दिवसांनी टिकेश्वरी हजर. हात न सांगता धुतलेले.

त्या खेळाचं पुढे काय झालं, ते इथेच सांगून टाकते, कारण ते सांगताना आजही माझा जीव वैतागतो. साहेब आले, तेव्हा वीज नव्हती आणि इन्व्हर्टर उतरला होता. त्यांनी बंद पडद्यासमोर फोटो काढला, सरबत घेतलं आणि गेले. मृणालताईंनी उलटा खेळ पाहिला आणि म्हणाल्या, "कल्पना गोड आहे, पण यात मूल काय शिकलं ते मोजायचं कसं?" मोजता येत नाही म्हणून तो कुठेच गेला नाही. उड्या मारणारी म्हैस मात्र बऱ्याच शाळांत पोचली. पावसाळ्यात छपराचं पाणी दोन कॉम्प्युटरवर पडलं. माझं काम संपलं. नंतर मी कितीतरी पडदे रंगवले, कितीतरी अस्वलांना टाळ्या वाजवायला लावल्या. पोटासाठी करते, तक्रार नाही. म्हणजे तक्रार आहेच, पण ऐकणार कोण?

माझा तिथला शेवटचा दिवस शनिवार होता. मला बल्लारशाहकडून गोंदियाला जाणारी दुपारची पॅसेंजर गाठायची होती. मुलांनी सरांना घेरलं होतं. सर खेळा ना, सर एकच डाव. सर म्हणत होते, "मी मास्तर आहो रे. मी का म्हैस चालवू?" पण मुलं सोडेनात. शेवटी त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली. "चला. एकच."

समोर आलेला डाव टिकेश्वरीचा होता, हे त्यांना माहीत नव्हतं. तीनशेमधून एकशे अठ्ठेचाळीस. खाली तीन उत्तरं: दोनशे बावन्न, एकशे बासष्ट, एकशे बावन्न. सरांनी क्षणभर पाहिलं आणि गडबडीत एकशे बासष्ट दाबलं.

धब्ब.

म्हैस पान डोक्यावर घेऊन सरांकडे पाहत होती. कुणी हसायला धजेना. सर पडद्याकडे पाहत राहिले, मग पाटी मागितली, त्यावर काहीतरी केलं, ते पुसलं. कानशिलं लाल झाली होती. मला वाटलं आता पाटी आपटतात. पण ते खुर्चीतच मागे वळले आणि विचारलं, "कोणाचं आहे हे?"

कुणी नाव घेतलं नाही. पण सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. टिकेश्वरी भिंतीला टेकून उभी होती.

मग त्यांनी पाटी तिच्याकडे सरकवली आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "कुठं चुकलो मी?"

ती पुढे आली. पाटी घेतली नाही. बोटाने हवेतच दाखवत म्हणाली, "मधल्या शून्याचे नऊ होतेत जी. तुमी दहाच धरले."

"दहाच धरले," सर म्हणाले. आणि मग ते हसले. त्याबरोबर अख्खी खोली फुटली, बाकं वाजली, कुणीतरी पडली रे पडली ओरडलं. सरांनी ओरडू दिलं. हसणं ओसरल्यावर ते तिला म्हणाले, "सोमवारपासून चौथीत बसायचं." आणि खुर्ची पुन्हा पडद्याकडे ओढत, "दे अजून एक."

मला निघायलाच हवं होतं. पिशवी उचलली, सरांच्या खांद्यामागूनच जाते म्हणाले. त्यांनी न वळता हात हलवला. बाहेर ऊन रणरणत होतं. अंगणातून फाटकापर्यंत गेले तरी आतला आवाज ऐकू येत होता, आणि तो सरांचा नव्हता. सर पुन्हा चुकले असावेत. टिकेश्वरी त्यांना समजावून सांगत होती, अगदी पहिल्यापासून, आणि जरा वैतागूनच.